धन्याने गादी सोडली, चाकरांनी मान दिली
बावला खून खटला, कोर्टातले सौदे आणि आरोपीची भाषा

फौजदारी खटल्यात दोन गोष्टींना मोल असते. एक, आरोपीला काय ठाऊक आहे, आणि दुसरी, आरोपी काय सोडायला तयार आहे. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असते तो माफीचा साक्षीदार होतो. ज्याच्याजवळ सोडण्यासारखे काही असते तो तडजोड करतो. आणि ज्याच्याजवळ या दोन्हींपैकी काहीच नसते, तो शिक्षा भोगतो. राजकारणाचा वास असलेल्या खटल्यांत हा हिशेब फार उघडपणे दिसतो. त्याचा सर्वांत ठळक धडा आपल्या मराठी माणसांना शंभर वर्षांपूर्वी इंदूरने दिला. आज आम्ही त्या खटल्याची उजळणी करीत आहोत ती जुन्या राजवाड्यातल्या भानगडी चघळण्यासाठी नव्हे. आपल्या सीमाभागातला माणूस तालुक्याच्या कोर्टात उभा राहतो आणि त्याला विचारले जाते, ‘गुन्हा कबूल आहे का?’, तेव्हा त्या प्रश्नाचे वजन त्याला कळावे म्हणून.

मलबार हिलवरची संध्याकाळ

१२ जानेवारी १९२५. मुंबईत मलबार हिलवर हँगिंग गार्डनजवळून एक मोटार चालली होती. मोटारीत अब्दुल कादर बावला हा तरुण, श्रीमंत व्यापारी होता आणि त्याच्या सोबत मुमताज बेगम होती. दुसऱ्या एका मोटारीने त्यांना अडवले. तीतून उतरलेल्या माणसांनी मुमताजला ओढून न्यायचा प्रयत्न केला. बावलाने विरोध केला तेव्हा त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले. योगायोग असा की, गोल्फ खेळून परतणारे काही गोरे लष्करी अधिकारी त्याच वेळी तिथे पोहोचले. त्यांतल्या लेफ्टनंट सेगर्ट याने हातातल्या गोल्फच्या काठीनिशी हल्लेखोरांवर झडप घातली. स्वतः गोळ्या लागून जखमी झाला, पण मुमताजला त्याने हातची जाऊ दिली नाही. हल्लेखोरांपैकी एक जण जागीच सापडला. बावला मात्र वाचला नाही.

मुमताज ही इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांच्या जनान्यात राहिलेली नर्तकी. १९२४ साली ती तिथून निसटली होती. इंदूरला आपल्याला झालेली मुलगी तिथे मारली गेली, असे तिने पुढे कोर्टात शपथेवर सांगितले. आपल्याला परत नेण्यासाठी माणसे मागावर आहेत अशी तिची तक्रार होती. हल्लेखोर पकडले गेले तसतसा त्यांचा माग मुंबईतून इंदूरकडे गेला. नऊ जणांवर खटला भरला गेला. त्यांत शफी अहमद, पुष्पशील बळवंतराव पोंडे, शामराव रेवजी दिघे यांच्याबरोबर इंदूरच्या फौजेतले बडे अधिकारी सरदार आनंदराव गंगाराम फणसे हेही होते. मराठी नावांची ही यादी वाचताना आजही चुटपुट लागते. होळकरांचे मूळ गाव नीरेकाठचे होळ. तिथून निघालेल्या घराण्याने माळव्यात दौलत उभी केली. अहिल्याबाईंच्या न्यायाचे दाखले आपल्या आज्या-पणज्या देत आल्या. त्याच दौलतीची चाकरी करणारी माणसे मुंबईच्या हायकोर्टात पिंजऱ्यात उभी होती.

आरोपी नऊ, दहावे नाव कागदावर नाही

एप्रिल-मे १९२५ मध्ये न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे ज्युरीसह खटला चालला. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल जमशेटजी कांगा उभे राहिले. बचावाच्या बाजूला त्या काळचे नामांकित वकील होते. वेलिणकर होते, कलकत्त्याहून आलेले जे. एम. सेनगुप्ता होते आणि फणशांच्या वतीने बॅरिस्टर महंमद अली जिना होते. फणसे प्रत्यक्ष मलबार हिलवर नव्हते. त्यांच्यावरचा आरोप कटाचा होता. ज्याने गोळी झाडली त्याच्याविरुद्ध पुरावा डोळ्यांपुढे असतो. ज्याने माणसे पाठवली त्याच्याविरुद्ध तारा, पैसे, मोटारी, प्रवास यांची साखळी जोडावी लागते. ही साखळी एकेक कडी घेऊन वर चढते आणि जिथे शेवटची कडी सापडत नाही तिथे थांबते.

इथेही ती थांबली. निकाल लागला. शफी अहमद, पोंडे आणि दिघे यांना फाशी सुनावली गेली. फणसे यांच्यासह इतर काहींना काळ्या पाण्याची जन्मठेप झाली, काही सुटले. न्यायमूर्तींनी शिक्षा सुनावताना एवढे मात्र बोलून दाखवले की, या हल्ल्याचे मूळ इंदुरात आहे, आणि पिंजऱ्यातल्या माणसांमागे आणखी कोणी असले पाहिजे. नाव घेतले नाही, आणि ते घेणे त्यांच्या अधिकारातही नव्हते. कारण ज्यांच्याकडे सर्वांची बोटे वळत होती ते महाराज आरोपी नव्हते, साक्षीदार नव्हते. मुंबईच्या कोर्टाची सत्ता त्यांच्यावर चालतच नव्हती. महाराजांवर कोणत्याही न्यायालयाने कधीही गुन्हा शाबीत केलेला नाही, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, तिथेही दाद लागली नाही. शफी अहमद आणि दिघे फासावर गेले. पोंडेला तुरुंगात वेड लागले आणि त्याची फाशी जन्मठेपेवर आली.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांना यातली अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. तेव्हा बेळगाव, खानापूर, चिकोडी हा इंग्रजांचा खालसा मुलूख होता. पाच-दहा कोसांवर कोल्हापूर, सांगली, रामदुर्ग, सावंतवाडी ही संस्थाने होती, आणि तिकडे बिदर, भालकी निजामाच्या अमलात होती. एका ओढ्याच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. गुन्हा करून ओढा ओलांडला की फौजदार काठावर उभा राहून बघत बसे. हद्द ही फक्त नकाशावरची रेघ नसते. कोणाला पकडता येते आणि कोणाला नाही, हे ती ठरवते. इंदूरच्या प्रकरणात चाकर हद्द ओलांडून खालसा मुलखात आले म्हणून सापडले. गादी हद्दीच्या आतच राहिली.

चौकशी की गादी?

पण इंग्रज सरकार गप्प बसणारे नव्हते. संस्थानिकाच्या गैरवर्तनाची चौकशी आयोगामार्फत करावी असा ठराव हिंदुस्थान सरकारने १९२० सालीच करून ठेवला होता. त्याच्या आधारे महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या गेल्या. एक तर चौकशी आयोगाला सामोरे जा, नाही तर गादी सोडा. महाराजांनी दुसरी वाट पत्करली. मलबार हिलच्या प्रकरणाशी आपला संबंध जोडून पुढे कसलीही चौकशी होऊ नये, या बोलीवर २६ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांनी पुत्र यशवंतराव यांच्या नावे गादीचा त्याग केला. यशवंतराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. महाराज ना तुरुंगात गेले, ना त्यांची उलटतपासणी झाली. पुढे १९२८ साली त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला, त्याचीही मोठी चर्चा झाली. १९७८ साली ते निवर्तले.

गुन्हा कबूल नाही, पण शिक्षा कबूल. या व्यवहाराला कायद्याच्या पुस्तकात तेव्हा नाव नव्हते. आज अशा देवाणघेवाणीला ‘प्ली बार्गेनिंग’ म्हणतात. त्यात आरोपी काही सोडतो, सरकार काही सोडते, आणि खटला उभा राहायच्या आत मिटतो. इंदूरमध्ये सरकारला एक नकोसा राजा बाजूला करायचा होता, तो झाला. महाराजांना भर आयोगापुढे अब्रूचे धिंडवडे नको होते, ते टळले. दोघांचेही काम झाले. सत्य काय, ते मात्र कायमचे बासनात गेले.

महाराजांनी आयोगापुढे उभे राहून लढायला काय हरकत होती, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बडोद्यात आहे. पन्नास वर्षांपूर्वी, १८७५ साली, मल्हारराव गायकवाड लढले होते. रेसिडेंट कर्नल फेअर याला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. सहा जणांचा आयोग बसला. त्यात तीन इंग्रज होते, आणि जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव असे तीन हिंदी. मल्हाररावांनी विलायतेहून सार्जंट बॅलंटाईन नावाचा नामांकित वकील आणला. पुराव्याचा मुख्य भाग रेसिडेन्सीतल्या नोकरांच्या आणि महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत यांच्या जबान्यांवर उभा होता. त्यांतल्या काहींना माफीचे आश्वासन होते. बॅलंटाईनने त्या जबान्या उलटतपासणीत पिंजून काढल्या. आयोगात फूट पडली. इंग्रज सभासद म्हणाले दोषी, हिंदी सभासदांनी तसे म्हणायला नकार दिला. म्हणजे मल्हारराव अर्धी लढाई जिंकले. तरीही सरकारने त्यांना पदच्युत केले आणि कारण बदलून सांगितले. विषाचा आरोप नव्हे, राज्यकारभाराची दुर्दशा! मल्हाररावांना मद्रासेला नेऊन ठेवले, तिथेच ते वारले.

लढून गादी जाते हे बडोद्याने दाखवून दिले होते. मग न लढता गादी दिली तर निदान चौकशी तरी टळते, हा हिशेब इंदूरने केला. होळकरांच्या घरात ही वाट नवीही नव्हती. तुकोजीरावांचे वडील शिवाजीराव यांनाही १९०३ साली गादी सोडावी लागली होती. खटल्याचे डावपेच म्हणतात ते हेच. न्यायाधीशाच्या स्वभावापेक्षा आधीच्या खटल्याचा शेवट काय झाला, हे आरोपी आणि त्याचा वकील आधी पाहतात.

आमचा मुद्दा तुकोजीरावांनी चूक केली की बरोबर, हा नाही. मुद्दा असा की, सौदा करायला त्यांच्याजवळ गादी होती. शफी अहमद, पोंडे, दिघे यांच्याजवळ काय होते?

माफी धन्याला, जन्मठेप नोकराला

ज्याच्याजवळ गादी नाही, त्याच्याजवळ कधी कधी माहिती असते. गुन्ह्यातला भागीदार सगळे खरे सांगण्याच्या अटीवर माफी मिळवू शकतो, ही तरतूद १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, १९७३ च्या संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. यालाच आपण माफीचा साक्षीदार म्हणतो. त्याने काही लपवले किंवा खोटे सांगितले तर माफी जाते आणि त्याच्यावरही खटला चालू शकतो. शिवाय कोर्टे अशा साक्षीदाराकडे संशयाने पाहतात. दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याची जोड असल्याशिवाय त्याच्या शब्दावर सहसा शिक्षा होत नाही.

मराठी माणसांना सर्वांत ठाऊक असलेला माफीचा साक्षीदार म्हणजे गांधी खून खटल्यातला दिगंबर बडगे. १९४८ साली दिल्लीच्या लाल किल्ल्यात न्यायमूर्ती आत्माचरण यांच्यापुढे तो खटला चालला. बडगे पुण्यात शस्त्रांचा धंदा करणारा. त्याला माफी मिळाली आणि त्याच्या साक्षीवर खटल्याचा मोठा भाग उभा राहिला. न्यायाधीशांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. तरीही सावरकरांपुरत्या त्याच्या सांगण्याला दुसरा आधार नव्हता, म्हणून १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात सावरकर निर्दोष सुटले. माफीच्या साक्षीदाराची ताकद आणि मर्यादा या एकाच निकालात दिसतात.

पण त्या खटल्यातली दुसरी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या खटल्यात शंकर किस्तय्या नावाचा आरोपी होता. तो बडग्याचा घरगडी. धन्याने सांगितले ते उचलायचे, सांगितले तिथे जायचे, एवढे त्याचे काम. धनी माफीचा साक्षीदार होऊन सुटला. नोकराला जन्मठेप झाली. पुढे अपिलात हायकोर्टाने त्याला सोडले, ही गोष्ट वेगळी. शंकर तेलुगू बोलणारा. कोर्टात काय चालले आहे हे त्याला कळावे म्हणून तेलुगू दुभाषा लागला. माफी मागायची तर आपल्याजवळ काय किमतीचे आहे, हे आधी कळावे लागते. ते कळायला भाषा लागते. धन्याला ती होती, गड्याला नव्हती.

आजचा सौदा कसा होतो?

अमेरिकेत गुन्ह्याच्या शिक्षांपैकी दहात नऊहून जास्त शिक्षा खटला न चालवता, कबुलीच्या सौद्यावर होतात. आपल्या सुप्रीम कोर्टाला मात्र ही पद्धत फार काळ मान्य नव्हती. १९७६ साली महाराष्ट्रातल्या अन्नभेसळीच्या एका खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी अशा आपसातल्या तडजोडीवर कडक ताशेरे मारले. भेसळवाला थोडक्या शिक्षेवर सुटतो आणि समाज फसवला जातो, असा त्यांचा रोख होता. १९८० साली गुजरातच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने कबुलीचा सौदा घटनाबाह्य ठरवला. शिक्षा कमी होईल या आमिषाने निरपराध माणूसही गुन्हा कबूल करील, ही भीती होती.

तरी खटल्यांचे डोंगर साठत गेले आणि संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. ५ जुलै २००६ पासून प्ली बार्गेनिंग आपल्याकडे कायदेशीर झाले. त्याचे नियम प्रत्येकाने ठाऊक करून घ्यावेत असे आहेत. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात हा मार्ग नाही. बाईवरच्या किंवा मुलावरच्या गुन्ह्यात नाही. देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणाऱ्या म्हणून जाहीर झालेल्या गुन्ह्यांत नाही. त्याच गुन्ह्यात आधी शिक्षा झालेल्यालाही तो बंद आहे. अर्ज आरोपीने स्वतः, प्रतिज्ञापत्रासह करायचा. न्यायाधीशाने आरोपीला एकट्याला बंद खोलीत विचारायचे की, तू हे स्वखुशीने करतोस ना? नव्या संहितेत आरोपपत्र निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला शिक्षेत जास्त सूट मिळू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निकाल झाला की साध्या अपिलाची वाट बंद होते.

म्हणजे बावला खटल्यासारख्या खुनाच्या प्रकरणात आजही हा सौदा होऊ शकत नाही. तिथे उरते ती माफीच्या साक्षीदाराची वाट. पण राजकीय खटले सगळेच खुनाचे नसतात. मोर्चा काढला, रस्ता अडवला, जमावबंदी मोडली, सरकारी फलकाला काळे फासले. असल्या गुन्ह्यांत शिक्षा लहान, आरोपी पुष्कळ आणि तारखा मात्र वर्षानुवर्षे चालतात. सौद्याचा खरा बाजार इथे भरतो. बहुतेक वेळा तर प्ली बार्गेनिंगच्या औपचारिक अर्जाचीही गरज पडत नाही. ‘गुन्हा कबूल म्हण, दंड भर, मोकळा हो’ एवढ्यावर काम भागते.

‘त्याच्याच शब्दांत’

जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनानंतर आणि त्याच्या आधी-नंतरच्या कित्येक मोर्चांनंतर आपल्या गावांतली पोरे कोर्टाच्या फेऱ्या मारीत आली आहेत. त्यांतल्या अनेकांना हा सल्ला मिळाला आहे. तो सल्ला प्रत्येक वेळी चुकीचा असतो असे आम्ही म्हणत नाही. रोजगार बुडवून दहा वर्षे तारखांना जाण्यापेक्षा दंड भरलेला बरा, असे वाटणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. पण दंड भरून मोकळा झालेला माणूस कागदावर मोकळा नसतो. तो शिक्षा झालेला माणूस असतो. पासपोर्टसाठी, सरकारी नोकरीसाठी, पोलिसांच्या दाखल्यासाठी तो कागद वर्षांनी पुढे येतो. हे सारे त्याला कोणत्या भाषेत सांगितले गेले, हा आमचा प्रश्न आहे.

भाषा आणि न्याय यांचा संबंध आपल्याला नवा नाही. १९०८ साली ‘केसरी’तल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. लेख मराठी, पण सरकारने मागितली ती बहुसंख्य युरोपियनांची खास ज्युरी. ज्यांना मराठी येत नाही त्यांनी मराठी लेखाचा अर्थ ठरवावा, या गोष्टीला टिळकांच्या वतीने बॅ. जोसेफ बॅप्टिस्टा यांनी हरकत घेतली. हेच बॅप्टिस्टा पुढे १९१६ साली बेळगावात स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले. हरकत फेटाळली गेली. टिळकांनी एकवीस तासांवर स्वतः भाषण करून सरकारी भाषांतरातल्या चुका दाखवल्या. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले. सहा वर्षे काळे पाणी! टिळकांनी सौदा केला नाही. पण आपण काय लिहिले आणि कोर्टाला काय वाचून दाखवले जात आहे, यातला फरक ते जाणत होते. आपल्या वाडीवरच्या आरोपीला तो फरक कोण सांगणार?

कायदा इथे त्याच्या बाजूने आहे, हे मात्र आनंदाने सांगितले पाहिजे. पुराव्याची भाषा आरोपीला कळत नसेल तर तो पुरावा भर कोर्टात त्याला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे, अशी तरतूद १९७३ च्या संहितेच्या कलम २७९ मध्ये होती आणि नव्या संहितेतही ती कायम आहे. मॅजिस्ट्रेटपुढच्या लहान खटल्यात आरोपीने गुन्हा कबूल केला तर ती कबुली शक्य तितकी त्याच्याच शब्दांत नोंदवावी, असे कायदा म्हणतो. त्याच्याच शब्दांत! साहेबाच्या नव्हे, कारकुनाच्या नव्हे. वकिलाने कानात सांगितलेल्या भाषेतही नव्हे. ज्याला ‘व्हय, मी तिथं हुतो, पन दगड म्या मारला न्हाई’ असे म्हणायचे आहे, त्याची ‘गुन्हा मान्य’ अशी दोन शब्दांची नोंद झाली, तर ती कबुली नव्हे. ते भाषांतर आहे, आणि तेही चुकीचे.

१९६२ साली हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्थानबद्धता रद्द केली. स्थानबद्ध केल्याची कारणे इंग्रजीत दिली होती. त्याने हिंदी प्रत मागितली, सरकारने नाकारली. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले एवढे पुरत नाही, असे कोर्टाने म्हटले. अगदी अलीकडे, २०२५ साली, सुप्रीम कोर्टाने अटकेची कारणे अटक झालेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत कळवली पाहिजेत हे पुन्हा बजावले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या एका प्रकरणात ती लेखी आणि त्याला कळणाऱ्या भाषेत द्यावीत असा निकाल दिला. हे निकाल सीमाप्रश्नाचे नाहीत. ते कोणत्याही भाषेच्या बाजूचे वा विरोधातले नाहीत. बेळगावच्या कोर्टात मराठी माणसाला जो हक्क आहे, तोच सोलापूरच्या कोर्टात कन्नड माणसाला आहे, आणि इंदूरच्या कोर्टात दोघांनाही आहे.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगावचे अपील मुंबईच्या हायकोर्टात जात होते, त्याच हायकोर्टात जिथे बावला खटला चालला. त्यानंतर वाट बंगळूरला वळली, आणि २००८ पासून धारवाडच्या खंडपीठाकडे. तालुक्याच्या कोर्टात समन्स, दोषारोपपत्र, पंचनामे कन्नडमध्ये येतात. हायकोर्टात इंग्रजी. आरोपी मात्र तोच, भाषा तीच. त्याच्या भोवतीचे कागद तेवढे बदलत गेले.

काय करावे?

म्हणून आमचे सीमाभागातल्या वाचकांना सांगणे एवढेच आहे. कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो आपल्या भाषेत वाचून मागा. ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ या छापील ओळीखाली, वाचून दाखवलेले नसताना सही करू नका. कोर्टात न्यायाधीशांना उभे राहून नम्रपणे सांगा की, मला ही भाषा कळत नाही, मराठीत समजावून द्यावे. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. वकील सरकारी खर्चाने मिळतो. गुन्हा कबूल करण्याची वेळ आली तर तीन गोष्टी विचारा. शिक्षा किती होईल? अपील करता येईल का? हा कागद पुढे कुठे कुठे आडवा येईल? उत्तरे मिळाल्यावर घरी जाऊन चार माणसांशी बोला आणि मग ठरवा. एकत्र पकडलेल्या दहा जणांपैकी एकाने घाईने कबुली दिली तर कायद्याने ती बाकीच्या नऊ जणांवर बांधील नसते, पण खटल्याचे वारे फिरते. तेव्हा ठरवायचे ते सगळ्यांनी मिळून.

आणि आमच्या पुढाऱ्यांनाही एक विचारायचे आहे. आंदोलनाची हाक देताना मोटारीच्या पुढच्या सीटवर बसणारे आणि निकालाच्या दिवशी पिंजऱ्यात उभे राहणारे, ही माणसे वेगवेगळी का असतात? खटले मागे घेण्याच्या वाटाघाटी होतात तेव्हा पुढाऱ्यांची नावे आधी निघतात, आणि गावातल्या पोरांची नावे यादीच्या तळाशी राहून जातात, हे आम्ही किती वर्षे पाहायचे? पुढाऱ्याजवळ सोडायला पद असते, द्यायला शब्द असतो, बोलायला ओळखी असतात. पोराजवळ फक्त त्याचा पुढचा जन्म असतो.

मलबार हिलच्या खटल्यात ज्याच्याजवळ गादी होती त्याने गादी दिली. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांनी मान दिली. आपल्या पोरांजवळ गादी नाही. पण त्यांची भाषा त्यांच्याजवळ आहे, आणि ती कोर्टात उभी राहू शकते, हे कायद्याने मान्य केले आहे. ‘कबूल आहे’ हे दोन शब्द उच्चारण्याआधी ते त्यांच्याच भाषेत त्यांना पुरते कळलेले असावेत, एवढी काळजी तरी गावाने घ्यावी.